किल्ला, करंजी आणि चार वर्षांचा मदतनीस

दिवाळीची सुटी शाळेला दोन-अडीच आठवड्यांची असते आणि आई-बाबांच्या कार्यालयाला जेमतेम दोन-चार दिवसांची. शहरातल्या बहुतेक घरांत सणाचे सारे गणित या तफावतीपाशीच अडते. त्यातून घरात तीन ते सहा वर्षांचे मूल असेल तर प्रश्न अधिकच टोकदार होतो. त्याला सुटीचा गृहपाठ नसतो (आणि असलाच तर तो आईला करावा लागतो). त्याला एकटे खाली खेळायला पाठवता येत नाही. दुपारची झोप चुकली की ऐन लक्ष्मीपूजनाच्या वेळी ते गळा काढते. मग दिवाळी म्हणजे या मुलाला गुंतवून ठेवण्याचा कार्यक्रम होऊन बसतो. मॉल, चित्रपट, नातेवाइकांकडच्या चकरा आणि या सर्वांच्या मधल्या फटींत मोबाइल.

वास्तविक दिवाळीची रचना मुळात अशी नव्हती. चार वर्षांच्या मुलाला नरकासुराची कथा कळत नाही, तिथी कळत नाही, कंदिलाची किंमत तर मुळीच कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की घरात काहीतरी मोठे चालले आहे आणि त्यात आपल्याला काय करायला मिळणार. या प्रश्नाचे उत्तर जुन्या घरात आपोआप मिळत असे, कारण सण म्हणजे पंधरा दिवसांचे घरकाम होते. माती कालवायची होती, कागद कातरायचे होते, करंज्या भरायच्या होत्या, पणत्या पाण्यात बुडवून वाळत घालायच्या होत्या. लहान हातांना जागा होती. आज कंदील तयार मिळतो, फराळ बचत गटाकडून येतो, किल्लादेखील प्लास्टरचा, रंगवलेला, हातगाडीवर विकत मिळतो. दोघेही नोकरी करणाऱ्या घराने हे विकत आणले म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु सगळेच विकत आले की मुलाच्या वाट्याला फक्त दोन गोष्टी उरतात, नवे कपडे आणि फटाके. त्यातली दुसरी गोष्ट नेमकी त्याच्या वयाला सर्वांत धोक्याची आहे.

म्हणूनच या सुटीचा विचार ‘मुलाला कुठे न्यायचे’ इथून न करता ‘मुलाकडे कोणते काम द्यायचे’ इथून केला, तर बरीच कोडी सुटतात. बाहेर जाण्याचे बेतही मग त्या कामातूनच निघतात.

गॅलरीतला गड

या कामांमध्ये पहिला मान किल्ल्याचा. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतून अंगण गेले, माती गेली, तरीही किल्ला टिकून आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गॅलरीच्या दोन फूट कोपऱ्यात तो मावतो. खाली प्लास्टिकचा जाड कागद, त्यावर पाच-सहा विटा, एखादी उपडी कुंडी, पुठ्ठ्याची खोकी आणि त्यावर मातीच्या पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरले की डोंगर तयार होतो. गोणपाट वाळले की ताठ होते आणि त्याच्या घड्यांतून आपोआप कडे-कपारी दिसू लागतात. चिखल कालवणे हे काम अर्थातच मुलाचे. त्यासाठी जुने कपडे आणि थोडी सहनशक्ती एवढीच सामग्री लागते.

किल्ल्यावर हिरवळ उगवण्यासाठी अळीव पेरतात, त्यामागे एक साधे कारण आहे. अळिवाचे बी ओले झाले की त्याभोवती बुळबुळीत चिकट थर तयार होतो. त्यामुळे ते उतारावरही चिकटून राहते. मोहरी मात्र घरंगळून खाली येते. ऑक्टोबरच्या उबेत दोन ते चार दिवसांत कोंब दिसतात. म्हणजे नरक चतुर्दशीला गड हिरवा हवा असेल तर वसुबारसेच्या दोन दिवस आधी पेरणी व्हायला हवी. मुलाला ‘थांबणे’ शिकवण्याचा याहून स्वस्त प्रयोग घरात दुसरा नसेल. रोज सकाळी उठून ‘आजोबा, अजून का नाही उगवलं?’ असे विचारणारे मूल तिसऱ्या दिवशी पहिला पांढरा कोंब पाहते, तेव्हाचा आनंद कोणत्याही खेळण्याने मिळत नाही. पाणी मात्र फवाऱ्याच्या बाटलीनेच द्यावे. तांब्याने ओतले की गडाची माची गॅलरीच्या मोरीत जाते.

किल्ला करताना आजोबांना किंवा बाबांना थोडी माहिती असेल तर खेळाला अर्थ येतो. माची म्हणजे डोंगराचा मधला सपाट भाग, बालेकिल्ला म्हणजे त्यावरचा सर्वांत उंच, शेवटचा आसरा. राजगडाला पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा अशा तीन माच्या आहेत आणि त्यांच्या मधोमध बालेकिल्ला आहे; हा आराखडा गॅलरीतही छान जमतो. दरवाजा समोरून दिसू नये म्हणून तो दोन बुरुजांच्या कुशीत लपवायचा, ही गोमुखी दरवाजाची युक्ती चार वर्षांच्या मुलालाही कळते, कारण लपाछपी त्याला पक्की ठाऊक असते. वर पाण्याचे टाके हवेच. टाके नसेल तर मावळे काय पिणार, हा प्रश्न मूल स्वतःहून विचारते.

त्यानंतर मूल आपले डायनोसॉर, मोटारी आणि एखादे विमान आणून गडावर ठेवते. इथे अनेक आजोबांचा इतिहासाभिमान दुखावतो. तो थोडा वेळ बाजूला ठेवावा. सिंहासनावर महाराजांची मूर्ती आणि पायथ्याशी हिरवा डायनोसॉर असा गड पाहून कोणाचेही नुकसान होत नाही. आणि सहा-सात वर्षांचे झाले की तेच मूल ‘गडावर मोटार कशी असेल?’ म्हणून धाकट्या भावंडावर डाफरते. मूर्ती शक्यतो भाजलेल्या मातीच्या घ्याव्यात. धारावीच्या कुंभारवाड्यात किंवा पुण्याच्या कुंभारवाड्यात मुलाला सोबत नेऊन त्या निवडल्या, तर पणत्या कशा घडतात तेही चाकावर पाहायला मिळते. दिवाळीची पहिली सहल तीच.

पोळपाटाच्या खालच्या बाजूला

फराळाच्या कामात मुलाला घ्यायचे म्हणजे कढईपासून दूर बसवून घ्यायचे, हा नियम आधी. तळण आणि मूल एका वेळी एका खोलीत नको. पीठ मळणे, लाटणे, कापणे हे बाहेरच्या खोलीत जमिनीवर कागद अंथरून करावे आणि तळण नंतर, मूल झोपल्यावर. शंकरपाळ्यांवर कातण फिरवणे हे तीन वर्षांच्या मुलालाही जमते. शंकरपाळे वेडेवाकडे निघतात, पण तळल्यावर चवीत फरक पडत नाही. सोऱ्याचा दांडा फिरवायला ताकद लागते, त्यामुळे चकली पाडताना मोठ्याच्या हातावर त्याचा हात ठेवायचा. बेसनाचे लाडू वळणे हे खरे मुलांचे काम. मिश्रण कोमट असते आणि सुपारीएवढा लाडू ही त्याच्या हातची खास निर्मिती ठरते. तो लाडू वेगळ्या डब्यात ठेवावा आणि भाऊबिजेला आलेल्या आत्याला आवर्जून द्यावा. सगळा फराळ घरी करण्याचा अट्टहास नको. चार पदार्थ बाहेरून आले आणि एकच घरी झाला, तरी मुलाच्या लेखी फराळ घरीच झालेला असतो.

फराळाच्या ताटाबाबत एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. चिवड्यातले शेंगदाणे, डाळे, खोबऱ्याचे काप आणि लाडवातले काजूचे तुकडे लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. तीन-चार वर्षांपर्यंत दाढा पुऱ्या आलेल्या नसतात किंवा चावण्याची सवय पक्की झालेली नसते; त्यात मूल धावत, हसत खात असेल तर धोका वाढतो. अख्खे दाणे चार-पाच वर्षांखालील मुलांना देऊच नयेत, असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. पाहुण्यांच्या घरी प्रेमाने मूठभर चिवडा हातावर ठेवला जातो, तेव्हा आईने तो बाजूला करणे हा यजमानांचा अपमान नव्हे. खाताना अचानक ठसका लागून नंतर दिवसेंदिवस खोकला राहिला, एकाच बाजूने घरघर येऊ लागली, तर तो ‘दिवाळीचा तेलकट खोकला’ समजून अंगावर काढू नये. तात्काळ डॉक्टरांना दाखवावे.

कंदिलाचे काम त्या मानाने सोपे. कामट्यांचा सांगाडा मोठ्यांनी बांधावा, पतंगी कागदाच्या झिरमिळ्या मुलाने कातराव्यात, खळ लावून त्यानेच चिकटवाव्यात. माहीमच्या कंदील गल्लीतून तयार कंदील आणला, तरी शेपट्या घरच्या लावता येतात. त्या वाकड्या असतात, म्हणूनच खालून चालताना मुलाला सोसायटीच्या पन्नास कंदिलांतून आपला कंदील ओळखू येतो.

पहाट नेमकी किती वाजता?

वसुबारसेला गाय-वासराची पूजा असते. शहरात गाय कुठून आणणार? उंबऱ्यापाशी रांगोळीने वासराची चार पावले काढली तरी भागते. धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य मुलाला आवडतो, आणि वर्षात एकदाच दिव्याची वात दक्षिणेकडे तोंड करून ठेवायची, हे यमदीपदानाचे वेगळेपण त्याच्या नेमके लक्षात राहते.

खरी कसोटी नरक चतुर्दशीच्या पहाटेची. ‘पहाटे चारला उठलो नाही तर नरकात जाणार’ या धाकाने अनेक घरांत झोपाळू मुलाला उचलून मोरीत बसवले जाते, आणि सणाची सुरुवात रडारडीने होते. पंचांगातली अभ्यंगाची वेळ चंद्रोदयापासून सूर्योदयापर्यंतची असते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मुंबईत सूर्योदय साडेसहाच्या पुढे-मागे होतो. नोव्हेंबरात आणखी थोडा उशिरा. म्हणजे पावणेसहाला उठलेले मूलही शास्त्राप्रमाणे वेळेवरच असते. आदल्या रात्री ते आठला झोपले तर ही वेळ गाठणे अवघड नाही. आदल्या रात्री मोठ्यांच्या गप्पा बारापर्यंत रंगल्या असतील, तर मात्र मुहूर्ताचा हट्ट सोडावा.

तेल कोमट करून आधी पायांना, मग पाठीला आणि शेवटी डोक्याला लावले तर मूल दचकत नाही. उटण्यात नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल अशी भुकटी असते. काही मुलांच्या नाजूक कातडीला ती झोंबते. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावून पाहावे, लाली आली तर उटणे नुसते हुंगायला द्यावे. वासाची आठवण पुरेशी असते. कित्येक चाळिशीतल्या माणसांना मोती साबणाचा वास आला की अजूनही अंधारी मोरी आणि बंबाचा धूर आठवतो. कोकणात आणि गोव्यात स्नानानंतर कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडतात. कडू कारीट फटकन फुटणे हा मुलांच्या दृष्टीने सबंध विधीतला सर्वोत्तम क्षण होय. शहरांतल्या मंडयांतही सणाच्या आधी कारिटे विकायला येतात.

आवाज नसलेला साप

फटाक्यांच्या बाबतीत घराघरात दोन पक्ष पडतात. आजोबांना ‘आमच्या वेळी’ची माळ आठवते, आईला मुलाचा खोकला. मुलाचा स्वतःचा पक्ष बहुधा तिसराच असतो. त्याला आवाजाची भीती वाटते, ती मान्य करायला घरातले तयार नसतात आणि ‘घाबरट’ म्हणून त्याची थट्टा होते. तीन वर्षांच्या मुलाने कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाला घाबरणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. कायद्यानेही 1999 पासून आवाजाच्या फटाक्यांना चार मीटर अंतरावर 125 डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. आणि सुतळी बॉम्ब पेटवणारे चार मीटर मोजून उभे राहत नाहीत.

या भीतीवर तोडगा म्हणून बिनआवाजाचे फटाके आणले जातात. त्यात सर्वांत निरुपद्रवी समजली जाते ती सापाची काळी गोळी. ती जमिनीवर ठेवायची, पेटवायची आणि काळा साप वळवळत वर येताना पाहायचा. मूल पाहण्यासाठी वाकून अगदी जवळ जाते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 साली नेहमीच्या फटाक्यांच्या धुराची मोजणी केली, तेव्हा अतिसूक्ष्म धूलिकण सर्वाधिक सोडणारी ठरली ती हीच गोळी. हजाराची माळदेखील तिच्या मागे राहिली. फुलबाजीचा धूरही भुईचक्र आणि झाडापेक्षा जास्त निघाला. म्हणजे लहानांसाठी ‘सुरक्षित’ म्हणून वेगळ्या काढलेल्या वस्तूच त्यांच्या नाकाच्या उंचीवर सर्वांत जास्त धूर सोडतात. दमा किंवा वारंवार छाती भरण्याचा त्रास असलेल्या मुलाच्या घरी तरी ही गोळी येऊ नये.

फुलबाजीचा दुसरा धोका उष्णतेचा. तिचे टोक जळताना तापमान सुमारे 1,000 अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि विझल्यावरही तार बराच वेळ तापलेली असते. विझलेल्या तारेवर पाय पडूनही चटके बसतात. पाण्याची बादली शेजारी ठेवून प्रत्येक तार तिच्यात बुडवायची, हे काम मुलाकडे सोपवावे. ‘चुर्र’ असा आवाज येतो, त्यामुळे ते आनंदाने करते. अंगावर सुती, अंगाबरोबर बसणारे कपडे आणि पायात चप्पल हवी. झगझगीत घेराचा घागरा किंवा लोंबणारी ओढणी फोटोपुरती ठीक. चटका बसलाच तर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. फोड मोठा असेल, चेहऱ्याला किंवा हाताच्या पंजाला भाजले असेल, तर रुग्णालय गाठावे.

वेळेचे बंधनही लक्षात ठेवायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 रोजी दिवाळीत फटाके वाजवण्यासाठी रात्री 8 ते 10 अशी दोन तासांची वेळ ठरवून दिली आणि जोडून बांधलेल्या माळांवरही बंदी घातली. तमिळनाडूत दिवाळी पहाटेची, म्हणून तिथे त्या वर्षी हे दोन तास सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे विभागून देण्यात आले. मराठी घराची दिवाळीही खरे तर पहाटेचीच. आपल्याकडे अशी मागणी फारशी कोणी केली नाही, यातही एक प्रकारचे शहाणपण म्हणावे लागेल. आपल्या शहरातला त्या वर्षीचा आदेश पाहून घ्यावा. आठ वाजता जेवून झोपणाऱ्या मुलाचा या वेळेशी तसाही संबंध येत नाही. संध्याकाळी सातला पणत्या लावणे, त्यात तेल घालणे आणि वाऱ्याने विझलेली पणती शोधून काढणे एवढ्यावर त्याचा दिवस पूर्ण होतो.

ओवाळणीचा हिशेब

लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे यांवर मुलाची नजर असते. केरसुणीला हळद-कुंकू वाहतात, याचे त्याला नवल वाटते आणि ते ‘का’ विचारते. ‘ती रोज आपले घर स्वच्छ करते म्हणून’ हे उत्तर त्याला पुरते.

पाडव्याला आई बाबांना ओवाळते, मुलगी वडिलांना ओवाळते. भाऊबिजेला मात्र आजच्या घरांत एक नवी अडचण आहे. एकुलत्या एका मुलाला बहीण नाही, एकुलत्या एका मुलीला भाऊ नाही. चुलत, मामे, आते भावंडे दूरच्या शहरांत किंवा परदेशात. ज्या बहिणीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावे, ही रूढी जुनीच आहे. गच्चीवर जाऊन बारीकशी बिजेची कोर शोधायची आणि तिला ओवाळायचे, हा प्रसंग लहान मुलीला हुरहूर लावणारा न वाटता मजेचा वाटतो. कोर लवकर मावळते, त्यामुळे सूर्यास्तानंतर लगेच गच्ची गाठावी. शेजारच्या मुलाला बोलावून ओवाळले तरी काही बिघडत नाही. ओवाळताना तबक जड नको, निरांजन मोठ्याने धरावे आणि कुंकू लावण्याचे काम मुलीने करावे. ओवाळणीच्या पाकिटापेक्षा, ताटाखाली लपवलेले चित्रांचे पुस्तक शोधण्यात मुलांना अधिक रस असतो.

पुस्तकाचा विषय निघालाच आहे. मराठी घरात दिवाळी अंकांची परंपरा 1909 सालच्या ‘मनोरंजन’पासून चालत आली, ती मोठ्यांनी वाचायची आणि मुलांनी गप्प बसायचे, अशी. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते. त्याचा दिवाळी अंक थोड्या मोठ्या मुलांसाठी असला तरी त्यातली चित्रे पाहत गोष्ट ऐकणे चार वर्षांच्या मुलालाही आवडते. दुपारी फराळानंतर आजी आपला अंक आणि नातू आपला अंक घेऊन शेजारी लवंडले, की आईला तासभर मोकळा मिळतो.

सहल अर्ध्या दिवसाचीच

आता बाहेर जाण्याविषयी. सुटी कमी, म्हणून एका दिवसात तीन ठिकाणे, हा शहरी हिशेब मुलाच्या अंगाला मानवत नाही. सकाळी साडेआठला निघावे, बाराच्या आत परतावे, जेवून मुलाने झोपावे. एवढ्यात एकच ठिकाण बसते आणि ते पुरेसे असते. दिवाळी पहाटेच्या मैफली किंवा डोंबिवलीच्या फडके रस्त्यावरची तरुणाईची गर्दी मोठ्यांना कितीही प्रिय असली, तरी खांद्यावर बसलेल्या मुलाला तिथे फक्त माणसांची डोकी दिसतात. अर्धा तास फिरून, गणपतीचे दर्शन घेऊन परतणे बरे.

मुंबईत भायखळ्याची राणीची बाग 1862 पासून मुलांचे हक्काचे ठिकाण आहे. तिचे अधिकृत नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. 2017 मध्ये तेथे पेंग्विन पाहण्यासाठी खुले झाले आणि गर्दीने उच्चांक गाठले. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर सहसा त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. पाडव्याला, भाऊबिजेला तिकिटाच्या रांगेतच मूल थकते, म्हणून भाऊबिजेनंतरचा एखादा साधा दिवस निवडावा. शाळा तेव्हाही बंदच असते; आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाने आपली एक रजा त्या दिवसासाठी राखून ठेवली तर ती सणाच्या दिवसाइतकीच कामी येते. पुणेकरांना कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे, तेही बुधवारी बंद.

तथापि, ज्या घरात किल्ला केला गेला आहे, त्या घराने खऱ्या किल्ल्यावरच जावे. आपण चिखलाने बांधलेला बुरुज दगडाचा आणि आपल्या दहापट उंच असतो, हे पाहताना मुलाचा चेहरा बघण्याजोगा असतो. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. यातले सगळेच लहान मुलाला घेऊन जाण्याजोगे नाहीत. साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, तो राहू द्यावा. राजगडाची चढण मोठ्यांचाही दम काढते.

पन्हाळ्यावर थेट वाहन जाते, गावच गडावर वसलेले आहे. रायगडाला रोपवे आहे, पण सणाच्या सुटीत त्याची रांग फार लांब असते. लहान मुलासाठी सर्वांत चांगला शिवनेरी. जुन्नरजवळच्या या गडावर बांधलेल्या पायऱ्या आहेत आणि वाटेत एकामागून एक सात दरवाजे लागतात. मुलाला दरवाजे मोजायला सांगितले की कडेवर घेण्याची मागणी बरीच पुढे ढकलली जाते. वर शिवजन्माची इमारत आहे, आत पाळणा आहे. सिंहासनावरच्या दाढीवाल्या राजालाच ओळखणाऱ्या मुलाला तेही कधी पाळण्यात होते, ही मोठी बातमी असते. यादीत नसला तरी पुण्याजवळचा सिंहगड गाडीरस्त्यामुळे सोयीचा. मुंबईकरांना वसईचा किल्ला जवळचा आणि संपूर्ण सपाटीवरचा. चिमाजी अप्पांनी तो 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. आत धावायला भरपूर जागा आहे, मात्र तटावर आणि विहिरींच्या कडेला मुलाचा हात सोडू नये.

गडावर जाताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. कड्यांवर आग्यामोहोळे असतात. धूर, दगडफेक, उग्र अत्तर यांनी माश्या उठतात, म्हणून उरलेले फटाके पिशवीत घालून गडावर नेण्याचा अविचार करू नये. दुसरे, गर्दीत मूल हरवणे ही क्षणाची गोष्ट असते. निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला त्याचा एक फोटो मोबाइलमध्ये काढावा, खिशात फोन क्रमांकाची चिठ्ठी घालावी. मदतीसाठी 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे क्रमांक पाठ असावेत.

प्रवासाचे साधन हीसुद्धा मुलाच्या दृष्टीने सहलच. एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही आणि मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे आजी आणि नातू यांची जोडी मामाच्या गावी फार स्वस्तात पोहोचते. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी 1907 पासूनची. 2019 च्या पावसाने वाहून गेलेला तिचा मार्ग दुरुस्त होऊन ती ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात ती नेरळ ते अमन लॉज या टप्प्यात बंद असते आणि दिवाळीच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी आवश्यक. माथेरानात मोटारींना बंदी आहे. लाल मातीच्या रस्त्यावर मुलाचा हात सोडून दहा पावले मागे चालता येते, ही चैन शहरातल्या आई-बाबांना एरवी कुठे मिळते?

शाळा सुरू होण्याच्या चार दिवस आधीपासून झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटांनी मागे आणावी, म्हणजे पहिल्या दिवशी बसच्या वेळेला झोंबाझोंबी होत नाही. किल्ला पुष्कळ घरी तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. तोवर अळीव पिवळे पडून लोळलेले असते, एखादा बुरुज ढासळलेला असतो. मोडण्याचे कामही मुलाकडेच द्यावे. मावळे पुसून खोक्यात, विटा जिन्याखाली, गोणपाट वाळवून घडी घालून, आणि माती तुळशीच्या कुंडीत.